दोन्ही पगारपत्रकांवर शून्य, तरी कर ७८,७८०

हिंजवडीतल्या एका कंपनीत एक तरुण अभियंता महिना एक लाख रुपये पगारावर काम करते आहे, असे धरून चालू. २०२५ च्या एप्रिल ते सप्टेंबर ती तिथे असते. दसऱ्याच्या तोंडावर खराडीतल्या दुसऱ्या कंपनीचे बोलावणे येते. पगार एक लाख तीस हजार. ऑक्टोबरपासून ती तिकडे रुजू होते. आधीच्या सहाही पगारपत्रकांवर आयकराच्या रकान्यात शून्य होते, नव्या सहांवरही शून्यच असते. बारा लाखांपर्यंत कर नाही हे तिने बातम्यांत वाचलेले असते, त्यामुळे या शून्याचे तिला नवल वाटत नाही. जूनमध्ये दोन्ही कंपन्यांचे फॉर्म १६ येतात आणि विवरणपत्र भरायला बसल्यावर संगणकावर आकडा उमटतो : ७८,७८० रुपये, वर व्याज.

या कथेत कुणी लबाडी केलेली नाही. पहिल्या कंपनीने कायद्याप्रमाणे हिशोब केला, दुसरीनेही केला. त्या मुलीने काही लपवले नाही, कारण तिला कुणी काही विचारलेच नाही. आणि तरीही तिच्यासमोर जवळजवळ पाऊण महिन्याच्या हातातल्या पगाराएवढी रक्कम एकदम उभी राहते.

आकडे मांडून पाहिले की गोम कळते. पहिल्या कंपनीने एप्रिलमध्ये वर्षाचा अंदाज बांधला : बारा लाख पगार, त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट, करपात्र उत्पन्न ११ लाख २५ हजार. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या वर्षासाठी बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर ६० हजारांपर्यंतची करसवलत आहे, म्हणून कर शून्य. दुसऱ्या कंपनीला तिचा पगार ऑक्टोबरपासूनचाच माहीत. सहा महिन्यांचे सात लाख ऐंशी हजार, त्यातून पुन्हा ७५ हजार वजा. उरले सात लाख पाच हजार, कर पुन्हा शून्य. पण आयकर खात्याच्या दृष्टीने ती एकच व्यक्ती आहे आणि वर्षही एकच आहे. तिचे खरे उत्पन्न तेरा लाख ऐंशी हजार. प्रमाणित वजावट एकदाच मिळणार, म्हणजे करपात्र उत्पन्न तेरा लाख पाच हजार. पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चार लाखांवर पाच टक्क्यांनी २० हजार, त्यापुढच्या चार लाखांवर दहा टक्क्यांनी ४० हजार, उरलेल्या एक लाख पाच हजारांवर पंधरा टक्क्यांनी १५,७५०. बेरीज ७५,७५०. त्यावर चार टक्के उपकर ३,०३० रुपये. करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या वर थोडेच गेले असते तर सीमांत सवलतीने कर कमी झाला असता, पण ती सवलत साधारण बारा लाख सत्तर हजारांच्या आसपास संपते. ही मुलगी त्याच्या पुढे गेलेली आहे.

नोकरी बदलणाऱ्यांचा हा प्रश्न नवा नाही. पण २०२५ च्या अर्थसंकल्पाने त्याचे स्वरूप बदलले, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. त्याआधी करसवलतीची मर्यादा सात लाख होती. लाखभर पगार असलेल्या माणसाच्या पगारपत्रकावर दर महिन्याला काही ना काही कर दिसायचा. नोकरी बदलल्यावर तो आकडा अचानक घसरला की शंका यायची, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारले जायचे. आता महिना ७० हजार ते एक लाखाच्या टप्प्यातल्या, म्हणजे मोठ्या शहरांतल्या नोकरदार मध्यमवर्गाच्या पगारपत्रकावर शून्य हीच नेहमीची अवस्था आहे. शून्यानंतर शून्य आले तर कुणाला कशाला शंका येईल? सवलत स्वागतार्हच आहे. पण तिने धोक्याची ती जुनी खूणही पुसून टाकली.

पगारावरच्या कपातीचे तत्त्व साधे आहे. १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम १९२ सांगते की पगार देणाऱ्याने कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या उत्पन्नाचा अंदाज बांधावा, त्यावरचा कर काढावा आणि तो सरासरीने दर महिन्याच्या पगारातून कापावा. वर्षाच्या मध्ये अंदाज चुकल्याचे दिसले तर पुढच्या महिन्यांत कपात कमी-जास्त करून तो दुरुस्त करता येतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक बदलले, 'आर्थिक वर्ष' आणि 'करनिर्धारण वर्ष' यांच्या जोडीऐवजी 'कर वर्ष' हा एकच शब्द आला, पण कपातीमागचे तत्त्व तेच राहिले. म्हणून इथे लोकांच्या तोंडी बसलेले जुनेच क्रमांक वापरले आहेत.

नोकरी बदलणाऱ्यासाठी याच कलमात एक सोय आहे. आधीच्या मालकाकडून वर्षात किती पगार मिळाला आणि त्यावर किती कर कापला गेला, हे कर्मचारी नव्या मालकाला फॉर्म १२बी भरून कळवू शकतो. एकदा कळवले की नव्या मालकाला दोन्ही पगारांची बेरीज करूनच कर कापावा लागतो. वरच्या उदाहरणातल्या मुलीने ऑक्टोबरमध्ये हा फॉर्म दिला असता तर ७८,७८० रुपये सहा महिन्यांत विभागले गेले असते आणि दरमहा १३,१३० रुपये कापले गेले असते. खिशाला चिमटा बसलाच असता, पण सोसण्यासारखा. जानेवारीत दिला असता तर उरलेल्या तीन महिन्यांत दरमहा २६,२६०. मार्चमध्ये दिला असता तर जवळजवळ सगळाच भार एका पगारावर.

अडचण 'कळवू शकतो' या शब्दांत आहे. फॉर्म देणे कर्मचाऱ्याच्या मर्जीवर आहे. रुजू होण्याच्या दिवशी हातात पडणाऱ्या किंवा ईमेलने येणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात फॉर्म १२बी असतो, नाही असे नाही. पण तो गोपनीयतेचा करार, विम्यासाठी कुटुंबाची माहिती, बँक खात्याचा तपशील आणि लॅपटॉपची पावती यांच्यामध्ये कुठेतरी असतो. त्याच्यावर 'लागू असल्यास' असे लिहिलेले असते. नवा माणूस तो वगळतो, आणि मनुष्यबळ विभागातले कुणी परत मागत नाही. वगळल्याने कंपनीचे काहीच बिघडत नाही, कारण तिची कायदेशीर जबाबदारी फॉर्म मिळाल्यानंतर सुरू होते.

फॉर्म न देण्यामागे आणखी एक कारण असते आणि त्यावर उघड बोलले जात नाही. आधीचा पगार नव्या कंपनीला कळू नये असे अनेकांना वाटते. मुलाखतीत कुणी आकडा थोडा फुगवून सांगितलेला असतो, तर कुणाला जुन्या पगाराच्या कमीपणाचा संकोच असतो. आपला पगार ही आपली खासगी बाब आहे, असेही काहींचे प्रामाणिक मत असते, आणि ते चुकीचे म्हणता येणार नाही. अशा माणसाला कायदा दुसरा रस्ता देतो : कपातीनंतर वर्षाचा देय कर दहा हजार किंवा त्याहून अधिक राहणार असेल तर त्याने आगाऊ कर स्वतः भरावा. हप्त्यांच्या तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. आगाऊ कर फक्त व्यापाऱ्यांनी भरायचा असतो, हा समज पगारदारांत इतका रुजला आहे की हा रस्ता आपल्यासाठीही आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते.

व्याजाचा हिशोबही याच समजामुळे चढतो. हप्ते चुकल्याबद्दल कलम २३४सी आणि वर्षअखेर कर अपुरा भरल्याबद्दल कलम २३४बी, दोन्हींत महिन्याला एक टक्का. त्या मुलीने जुलैमध्ये कर भरला तर पहिल्या कलमाखाली सुमारे चार हजार आणि दुसऱ्याखाली तीन हजारांहून थोडे अधिक, म्हणजे एकूण सात हजारांच्या घरात. जूनच्या हप्त्याच्या वेळी नवी नोकरी तिच्या स्वप्नातही नव्हती, तरी व्याजाच्या गणितात तो हप्ता धरला जातो. हे अन्यायकारक आहे. भांडवली नफा किंवा लॉटरी यांसारख्या आधी अंदाज न येणाऱ्या उत्पन्नासाठी कायद्याने हप्त्यांच्या व्याजातून सवलत दिली आहे. वर्षाच्या मध्ये बदललेल्या नोकरीतून वाढलेला पगारही जूनमध्ये अंदाज न येणाराच असतो. तीच सवलत त्याला का नसावी?

कंपनी सोडतानाचा शेवटचा हिशोब, ज्याला सगळे 'फुल अँड फायनल' म्हणतात, तिथे गोंधळ आणखी वाढतो. माणूस जाणार म्हटल्यावर पगाराचे सॉफ्टवेअर वर्षाचा अंदाज मोडते आणि फक्त आतापर्यंत दिलेल्या रकमेवर नव्याने कर काढते. समजा एखाद्याचा पगार महिना दोन लाख आहे. वर्षाचे चोवीस लाख धरून त्याच्याकडून दरमहा २४,३७५ रुपये कापले जात होते. सप्टेंबरअखेर तो जातो, तेव्हा जुन्या कंपनीच्या दृष्टीने त्याचे वर्षाचे उत्पन्न बारा लाखच राहते. प्रमाणित वजावटीनंतर ते सवलतीच्या मर्यादेत येते आणि शेवटच्या महिन्याची कपात एकदम थांबते. शेवटचा पगार भरघोस येतो. बऱ्याच जणांना ती कंपनीने हिशोब नीट केल्याची खूण वाटते. खरे तर जुन्या कंपनीने पूर्ण वर्षाचे टप्पे आणि पूर्ण वजावट त्याला देऊन टाकलेली असते. नवी कंपनी, फॉर्म १२बी नसेल तर, तेच टप्पे आणि तीच वजावट दुसऱ्यांदा देते.

त्याच शेवटच्या हिशोबात साठलेल्या रजेचे पैसे असतात. २०२३ पर्यंत खासगी कर्मचाऱ्यांसाठी रजेच्या रोखीकरणावरची करमुक्त मर्यादा तीन लाख होती. १ एप्रिल २०२३ पासून ती पंचवीस लाख झाली, आणि ती सगळ्या नोकऱ्या मिळून आयुष्यभरासाठी आहे. ही सूट फक्त निवृत्तांसाठी आहे असे समजून काही कंपन्या राजीनामा देणाऱ्याच्या रजेच्या पैशांवर सरसकट कर लावतात. राजीनाम्यानंतर मिळणाऱ्या रकमेलाही ती लागू होते, हे न्यायालयांनी पूर्वीच मान्य केलेले आहे. सरासरी पगार आणि शिल्लक रजा यांचे सूत्र लावावे लागते, त्यामुळे दरवेळी सगळी रक्कम सुटतेच असे नाही. पण कंपनीने सूट दिली नाही म्हणून हक्क जात नाही. तो विवरणपत्रात मागता येतो, नव्या करप्रणालीतही.

नोटीसच्या पगाराचा पेच याहून अवघड. तीन महिन्यांची नोटीस न देता कुणी एका महिन्यात बाहेर पडला, तर जुनी कंपनी दोन महिन्यांचा पगार शेवटच्या हिशोबातून कापून घेते. पण फॉर्म १६ मध्ये पगार पूर्ण दाखवलेला असतो. म्हणजे जे पैसे हातात आलेच नाहीत, त्यांच्यावरही कर. नवी कंपनी कधी कधी ही रक्कम भरून देते, ज्याला 'बायआउट' म्हणतात. तीही पगारातच धरली जाते आणि तिच्यावरही कर लागतो. आयकर अपील न्यायाधिकरणाच्या अहमदाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये एका प्रकरणात कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला : जुन्या मालकांनी नोटीसपोटी कापून घेतलेली रक्कम त्याला प्रत्यक्ष मिळालेली नाही, तेव्हा तिच्यावर कर लावता येणार नाही. तरीही कायद्यात तशी स्पष्ट तरतूद नाही आणि प्रत्येक अधिकारी हा दावा मान्य करेल याची खात्री देता येत नाही. नोटीसचे महिने वाढत चालले असताना ही तरतूद कायद्यातच यायला हवी. एका माणसाने त्यासाठी न्यायाधिकरणापर्यंत जावे, ही अपेक्षा रास्त नाही.

जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांची गुंतागुंत वेगळी. नवी प्रणाली २०२३-२४ पासून आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर तसे मालकाला सांगावे लागते. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने मालकांना सूचना दिली की प्रत्येक कर्मचाऱ्याला विचारा, आणि त्याने उत्तर दिले नाही तर नवी प्रणाली धरा. त्यामुळे असे होते की पहिल्या कंपनीत घरभाडे, विमा आणि गृहकर्जाचे कागद देऊन जुन्या प्रणालीने कर कापला जात होता, आणि दुसऱ्या कंपनीत पर्याय सांगायचा राहून गेल्याने नवी प्रणाली लागली. वर्ष मात्र एकाच प्रणालीत बसवावे लागते, आणि पगारदाराला ती निवड विवरणपत्र मुदतीत भरताना करता येते. काही जण विम्याच्या हप्त्याची पावती दोन्ही कंपन्यांना देतात आणि दोन्हीकडे कलम ८०सी ची वजावट मिळते. मर्यादा दीड लाखांचीच आहे, हे जुलैत उघड होते. मुंबईहून पुण्यात आलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते : २०२५-२६ पर्यंतच्या नियमांत घरभाडे भत्त्यावरच्या सुटीसाठी मुंबईला मूळ पगाराच्या पन्नास टक्क्यांची मर्यादा होती, पुण्याला चाळीस. दोन शहरांचे महिने वेगवेगळे मोजावे लागतात.

उलटेही घडते. दोन लाख पगाराच्या त्याच माणसाने जुलैअखेर राजीनामा दिला आणि आजारी आईवडिलांसाठी मार्चपर्यंत घरी राहिला, तर त्याचे वर्षाचे उत्पन्न आठ लाखच. त्यावर कर शून्य. पण चार महिन्यांत ९७,५०० रुपये कापले जाऊ शकतात, आणि कंपनीने शेवटच्या हिशोबात ते सावरले नाहीत तर परताव्यासाठी विवरणपत्र भरावेच लागते. 'उत्पन्नच नाही, मग विवरणपत्र कशाला' असे म्हणून अनेक जण ते भरत नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात. नोकरी सोडून घरी बसणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे, आणि बाळंतपणानंतर नोकरीत खंड पडलेल्या किती जणींचे पैसे असे सरकारकडे पडून राहत असतील याचा विचार अस्वस्थ करतो. दराचा फरकही नोंदवण्यासारखा आहे. सरकारचे येणे राहिले तर महिन्याला एक टक्का व्याज, सरकारचे देणे राहिले तर अर्धा टक्का.

भविष्य निर्वाह निधीबाबत एवढेच सांगणे पुरे, की नोकरी बदलताना तो काढू नये, नव्या खात्यात वळवावा. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढलेली रक्कम करपात्र असते आणि ती पन्नास हजार किंवा त्याहून अधिक असेल तर दहा टक्के कर कापला जातो. निधी वळवला तर आधीच्या मालकाकडची वर्षेही सलग सेवेत धरली जातात.

कापलेला कर मालकाने सरकारजमा केलाच नाही तर काय, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत बुडालेल्या नवउद्योगांनी ऐरणीवर आणला. पगारपत्रकावर कपात दिसते, पण आपल्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या फॉर्म २६एएस मध्ये तिचा मागमूस नसतो. आयकर कायद्याचे कलम २०५ म्हणते की कर कापला गेला असेल, तर तेवढ्यापुरता तो कर्मचाऱ्याकडे पुन्हा मागता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये अशाच एका पगारदाराच्या प्रकरणात हे स्पष्ट केले : मालकाने कापलेला कर भरला नाही तर तो मालकाकडूनच वसूल करावा. पुढे २०१५ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही आपल्या अधिकाऱ्यांना तशी आठवण करून दिली. पण कायदा बाजूने असला तरी पुरावा आपल्याकडे असावा लागतो. कंपनी सोडल्यावर पगाराच्या पोर्टलचा पासवर्ड काही दिवसांत बंद होतो, आणि त्याबरोबर सगळी पगारपत्रके जातात. सोडण्याआधी ती उतरवून घेणे, हा शेवटच्या आठवड्यातला पहिला उद्योग असायला हवा.

इतके सगळे वाचल्यावर कुणी म्हणेल की आता सगळेच ऑनलाइन आहे. पॅन एक आहे, वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, बँकेचे व्याजसुद्धा दिसते. मग दोन पगारांची बेरीज खात्याला आपोआप का कळत नाही? कळते, पण उशिरा. कंपन्या कपातीचे विवरण तिमाहीने देतात, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याच्या पगाराचा पूर्ण तपशील फक्त चौथ्या तिमाहीच्या विवरणात असतो. त्याची मुदत ३१ मे. फॉर्म १६ मिळण्याची मुदत १५ जून. म्हणजे वर्ष संपून दोन महिने झाल्यावर खात्याकडे संपूर्ण चित्र तयार होते. तोपर्यंत आगाऊ कराच्या चारही तारखा उलटून गेलेल्या असतात आणि व्याजाचे चाक फिरू लागलेले असते. चालू वर्षातली ही माहिती त्या क्षणी एकाच ठिकाणी अचूक असते : सोडून चाललेल्या कंपनीच्या पगार विभागात.

म्हणून उपाय तिथूनच सुरू व्हायला हवा. ब्रिटनमध्ये हे फार पूर्वीपासून चालत आले आहे. तिथे पगारातून कर कापण्याची पद्धत १९४४ मध्ये सुरू झाली, आणि नोकरी सोडणाऱ्याला मालकाने पी४५ नावाचा कागद द्यावाच लागतो. करवर्षात आतापर्यंत किती पगार दिला, किती कर कापला आणि त्याचा कर-संकेतांक कोणता, हे त्यावर असते. एक भाग कर्मचाऱ्याकडे राहतो, बाकीचे नव्या मालकाकडे जातात, आणि नवा मालक आधीचा पगार धरूनच पुढची कपात करतो. लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला पहिल्या नोकरीबदलातच हा कागद परिचयाचा होतो. त्याच्या पुण्यातल्या भावाला मात्र असा कागद मागण्याचा हक्क नाही. कंपनी रिलीव्हिंग लेटर देते, अनुभवाचे प्रमाणपत्र देते, कधी पुष्पगुच्छही देते. पगार आणि कराचा आजपर्यंतचा हिशोब पुढच्या जूनमध्ये येतो. मधल्या काळात फॉर्म १२बी भरायचा तर पगारपत्रके समोर ठेवून आकडे स्वतः जुळवावे लागतात.

केंद्र सरकारने नव्या कायद्याच्या नियमांत एक छोटी भर घातली तरी पुरे आहे. नोकरी सोडल्यापासून ठराविक दिवसांत, शेवटच्या हिशोबाबरोबरच, मालकाने एका पानाचे करविवरण देणे बंधनकारक करावे : दिलेला पगार, कापलेला कर, लावलेली करप्रणाली, दिलेल्या वजावटी, रजेच्या पैशांवर दिलेली सूट, नोटीसपोटी कापलेली रक्कम. नव्या मालकाने ते रुजू होताना मागावे. कर्मचाऱ्याला पगार उघड करायचा नसेल तर त्याने तसे लिहून द्यावे, आणि त्याच कागदावर त्याला सांगितलेले असावे की मग आगाऊ कर भरण्याची जबाबदारी तुमची, तारखा या या. महाराष्ट्रात हा कागद मराठीतही असावा. चाकणच्या कारखान्यातला पर्यवेक्षक आणि नाशिकच्या औषध कंपनीतला प्रयोगशाळा सहायक यांनाही तो विनासायास समजला पाहिजे. त्यांचे पगारही आता याच टप्प्यात येऊ लागले आहेत, आणि सीए गाठायचा तो जुलैत, अशीच तिथेही रीत आहे.

आणि जिथे दोन्ही कंपन्यांनी थोडाफार कर कापलेला आहे, तिथे तर खात्याला मे महिन्याची वाट पाहायचीही गरज नाही. तिसऱ्या तिमाहीचे विवरण ३१ जानेवारीपर्यंत येते. एकाच पॅनवर दोन मालकांची पगारकपात तेव्हाच दिसते. जास्त रकमेच्या व्यवहारांबद्दल करदात्याच्या मोबाइलवर संदेश पाठवणारी यंत्रणा आयकर खात्याकडे आधीपासून आहे. त्याच यंत्रणेतून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात या माणसाला एक ओळ पाठवावी, की तुमच्या नावावर दोन पगार दिसत आहेत, एकत्रित कर तपासून घ्या. आगाऊ कराचा शेवटचा हप्ता भरायला तेव्हा त्याच्या हातात पाच-सहा आठवडे असतील.